आधी कंदील

सांगलीच्या ‘स्मृतिपेव’ संस्थेत त्या दिवशी सकाळी सकाळीच एका भुताचा निकाल लागला.

कुपवाडच्या एका कुटुंबाच्या आठवणी एकत्र करण्याचं काम चालू होतं. घरातल्या पाच जणांचे स्मृतिठसे घेऊन झाले होते. त्यांतल्या थोरल्या काकांच्या ठशात एक प्रसंग फार ठळक होता. लहानपणी त्यांनी चिंचेखाली पांढऱ्या कपड्यांतले आपले दिवंगत आजोबा उभे असलेले पाहिले होते आणि त्याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती यंत्राला. उरलेल्या चार डोक्यांत या आजोबांचा मागमूस नव्हता, म्हणून यंत्राने त्यांना गाळून टाकलं.

“काका चिडणार,” डॉ. फिरोज मुजावर पडद्याकडे बघत म्हणाला. “ते भूत म्हणजे त्यांची आयुष्यभराची कमाई आहे. प्रत्येक लग्नात सांगतात म्हणे.”

“सांगू देत की. नातवंडांच्या डोक्यात कायमचं जायला नको, एवढंच,” डॉ. केतकी मोहिते म्हणाली. संस्था तिची, यंत्र तिचं आणि नियमही तिचेच.

“आणि खरंच दिसलं असेल तर?”

“फिरोज!”

“भुताचं नाही गं म्हणत. समज, घरात एकालाच माहीत असलेली एखादी खरी गोष्ट आहे. तुझा तीन साक्षींचा नियम तिलाही भूत समजूनच बाहेर काढणार.”

हा वाद संस्थेइतकाच जुना होता. केतकीची बाजू अशी, की आठवण म्हणजे डोक्यात जपलेली चित्रफीत नव्हे. मेंदू प्रसंगाच्या मोजक्याच गाठी सांभाळतो. एखादा वास, एखादा आवाज, मनाला बसलेला धक्का. मधली वीण तो दर वेळी नव्याने घालतो आणि त्यासाठी हाताला लागेल तो धागा वापरतो. त्यामुळे एकट्या माणसाच्या ठशात पाहिलेलं, ऐकलेलं आणि स्वप्नात आलेलं सगळं एकाच रंगाचं दिसतं. पण तीच गाठ तीन जणांच्या ठशांत सापडली, तर ती ठेवायला हरकत नाही. या ताडून पाहण्याला तिने ‘साक्षीजुळणी’ असं नाव दिलं होतं. जिथे साक्षीदारांचं आपसांत पटत नसे, तिथे ज्यांचं जुळतं आणि जे ठळक आहे ते यंत्र ठेवी. बाकीचं फेकून देई.

जुळणीतून तयार झालेला एकत्रित ठसा संस्थेत मोहोरबंद होई आणि मूळ ठसे पुसले जात. कुणाच्या डोक्यातली खासगी भानगड मागे राहायला नको, म्हणून. मग घरातली मुलं अठरा वर्षांची झाली की त्यांच्या डोक्यावर रोपणटोप चढवून हा वारसा त्यांना मिळे. पणजीच्या लग्नातला बँड पणतीला ऐकू येई. साक्षीदारांनाही हाच एकत्रित ठसा द्यायचा असा दंडक होता, नाहीतर घरात एकाच प्रसंगाच्या चार तऱ्हा होतात आणि त्यावरून दिवाळीत भांडणं जुंपतात. भांडण मिटण्याची हमीच होती. एका प्रसंगाच्या दोन आठवणी मेंदू शेजारी शेजारी नांदू देत नाही. नवी पक्की असली की जुनी निघून जाते.

संस्थेचं नावही केतकीनेच ठेवलं होतं. मोहिते मूळचे हरिपूरचे, पिढ्यान्‌पिढ्या हळदीच्या व्यापारातले. तिथे जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद भरून वरून तोंड लिंपून टाकत. आत हवाच उरत नसल्यामुळे वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नसे. हळद टिकते ती ज्या कारणाने, त्याच कारणाने माणूस मरतो. म्हणून पेव उघडल्यावर त्यात कधी लगेच उतरायचं नाही. आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. तो तेवत राहिला तर माणसाने जायचं. विझला तर वाट बघायची.

संस्थेतही कंदील होता. स्मृतिठसा पडद्यावर चित्रासारखा बघता येत नाही. पडद्यावर नुसत्या गाठी आणि त्यांच्या जुळण्या दिसतात, आत नेमकं काय आहे ते कळायला मेंदूच लागतो. त्यामुळे एकत्रित ठसा घरच्यांना देण्याआधी तो एका परक्या स्वयंसेवकाला देत आणि त्याला काय दिसलं ते विचारून घेत. परक्याच्या डोक्यात तो फार दिवस टिकत नसे, कारण त्याला धरून ठेवणारं घर तिथे नसे. महिन्याभरात ओसरून जाई. या स्वयंसेवकाला संस्थेत सगळे कंदीलच म्हणत. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ते ऐकून हसू येई.

काकांचं भूत गळालं त्याच दुपारी केतकीने स्वतःच्या आईचा ठसा जुळणीला लावला. आईला, म्हणजे उज्ज्वलाताईंना, विस्मरणाचा आजार होऊन वर्ष झालं होतं. भाजीत दोनदा मीठ पडण्यापासून सुरुवात झाली आणि आता ओळखीची माणसंही निसटू लागली होती. केतकी आणि तिचा धाकटा भाऊ हर्षद यांचे ठसे आधीच घेऊन झाले होते. यंत्राने एकेक प्रसंग स्वीकारत नेला. बाबांचं दुकान, पुरातून काढलेली रात्र, आजोळची जत्रा. मग एका गाठीपाशी ते थांबलं. गाठ मोठी होती, आईच्या अख्ख्या ठशात तिच्याएवढी मोठी दुसरी नव्हती. खाली अक्षरं उमटली: ‘एकच साक्षीदार. वगळावे.’

केतकीला गाठ कसली हे विचारावं लागलं नाही. ती बकुळ होती.

*

“का? तिनं काय घोडं मारलंय तुज्या यंत्राचं?” उज्ज्वलाताईंनी विचारलं. विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये त्या गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. हातांना अजून सगळं येत होतं.

“ती तुला एकटीलाच आठवते ना, आई. नियम आहे तसा.”

“नियम केला कुणी?”

केतकीने ताटातली एक शेंग उचलून मोडायला घेतली.

बकुळ ही तिची मोठी बहीण. केतकीच्या जन्माआधीच ती गेली होती. घरात तिचं नाव कुणी काढायचं नाही, ही बाबांची सक्त ताकीद होती. त्यांनी मोबाइलमधले तिचे सगळे फोटो त्याच आठवड्यात पुसून टाकले होते. आईने ट्रंकेत लपवून ठेवलेला एकच छापील फोटो महापुरात गेला. आपल्याला एक बहीण होती, एवढंच केतकीला माहीत होतं. आजाराने आईच्या जिभेवरचं कुलूप निघालं आणि मग बकुळ घरात वावरू लागली.

“दुसऱ्या कुणाला आठवणार गं?” आई म्हणाली. “तुजे बाबा गेले. सासूसासरे गेले. तवाचे हमाल, शेजारी, शाळंतल्या बाई, कुणी ऱ्हायलं न्हाई. तू न्हवतीस, हर्षद न्हवता. तिला आता मी एकटीच धरून बसलीया, आन्‌ माजा हात सुटाय लागलाय. परवा तिचं नाव आठवंना मला. दुपार झाली तरी आठवंना. पोटच्या पोरीचं नाव, केतकी! हार घालायला एक फोटोसुदिक न्हाई तिचा. मी इसरले की संपलीच की ती. आली हुती, हे बी कुणाला ठावं ऱ्हाणार न्हाई.”

शेंगांच्या ताटात टिपं पडली. केतकीला स्वतःचीच लाज वाटली. हजार घरांच्या आठवणी जपणारी बाई सख्ख्या बहिणीला भुताच्या रांगेत बसवत होती.

त्यावरचा उपायही तिलाच सुचला आणि तो तिच्याच सिद्धांतातून निघाला होता. ऐकीव आणि पाहिलेलं यांत यंत्राला फरक कळत नाही. मग ऐकायचं. इतक्या वेळा आणि इतकं मन लावून ऐकायचं, की ती आठवण आपली होईल. लहानपणी सगळेच तसं करतात. स्वतःच्या बारशाची गंमत सांगणाऱ्या माणसाने ती कुठे पाहिलेली असते?

दर रविवारी दुपारी केतकी आणि हर्षद आईसमोर बसू लागले. आई सांगे, मग हे दोघं तेच परत सांगत आणि चुकलं की आई हटके. “फ्राक पिवळा न्हाई रे, निळा हुता. हळदीनं पिवळा झालता.” बकुळ सहा वर्षांची होती. बाबांच्या चपला घालून फटकफटक चालायची. हळकुंडं खिशात भरून शाळेत न्यायची आणि बाईंना द्यायची.

“दिसायला कशी होती गं?” हर्षदने एकदा विचारलं.

आईने बाल्कनीकडे पाहिलं. तिथे केतकीची मुलगी ओवी कुंडीतल्या मुंग्यांना साखर घालत होती. ओवी सात वर्षांची, तिचे बाबा जहाजावर, त्यामुळे तिचे रविवार आजीकडेच जात.

“कशी म्हंजे? आपल्या ओवीगत. तसंच नाक, तसंच ते एका गालानं हसनं. ओवीच समजा की.”

सगळ्या आज्या असंच म्हणतात. कुणाला नातवंडात नवरा दिसतो, कुणाला भाऊ. हर्षदने मान डोलावली आणि गोष्ट पुढे सुरू झाली.

पुढची गोष्ट आईला एका दमात कधीच सांगता आली नाही. त्या दिवशी बाबांनी मोठं पेव उघडलं होतं. बकुळ त्यांच्यासोबत होती. बाबांनी कंदील खाली सोडला आणि तो विझला. बाबांनी दोरी खुंटीला बांधली, पोरीला ‘लांब थांब’ म्हणून सांगितलं आणि ते हमालांना ‘अजून वेळ आहे’ हे सांगायला रस्त्यापर्यंत गेले. आई जेवणाचा डबा घेऊन येत होती. तिने लांबून पाहिलं, बकुळ पेवाच्या तोंडाशी पालथी पडून आत वाकली होती. विझलेला कंदील कुठे गेला ते बघत असणार. आईने हाक मारली. बकुळने वळून पाहिलं, हसली आणि तिचा तोल गेला.

“आत कुणी उतरायचं? कंदील इझलेला. तुजे बाबा उडी मारत हुते, चौघांनी धरून ठेवलं. गोणपाटानं हवा घातली, घातली... वर काढली तवा अंगभर हळद. तोंडाला, केसाला, पापण्याला. लगनातल्या नवरीवानी दिसत हुती रे माजी बाय.”

त्या दिवशी तिघंही रडले. ओवी आत येऊन बघून गेली आणि तिने शहाण्यासारखा पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

असे बरेच रविवार गेले. पुढे पुढे आई गोष्टीतल्या जागा चुकू लागली आणि मुलंच तिला सुधारू लागली. एकदा स्वयंपाकघरात चहा गाळताना हर्षद हळूच म्हणाला, “ताई, मला खरंच दिसते गं ती. मी तिथे होतो असंच वाटतं. हाक मारल्यावर ती वळून बघते ना, ते तर जसंच्या तसं.”

“मलाही,” केतकी म्हणाली. तिला फार बरं वाटलं.

*

तिघांचे ठसे नव्याने घेतले. यंत्राने बकुळच्या गाठीवर ‘तीन साक्षीदार. स्वीकारावे.’ असा शेरा दिला. केतकीने डोळे मिटून खुर्चीला पाठ टेकली. फिरोज मात्र पडद्यावरून नजर काढेना.

“तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस,” तो म्हणाला.

“यंत्र जन्मतारीख विचारत नाही.”

“आपण विचारतो. आपण माणसं आहोत.” त्याने एका जागी बोट ठेवलं. “बाकीचं सोड. हे बघ. निळा फ्रॉक, चपला, कंदील, सगळीकडे तिघं जुळतात. हा इथे चेहरा आहे. इथे तुझं आणि हर्षदचं अगदी तंतोतंत जुळतंय, आणि आईंचं तुमच्याशी जुळत नाही.”

“आईच्या डोक्यातला चेहरा फिका झालाय. आजारच तो आहे.”

“मान्य. पण तुम्ही दोघांनी जो चेहरा कधी बघितलाच नाही, तो तुमच्या डोक्यांत इतका ठळक आणि इतका सारखा आला कुठून?”

“आईने वर्णन केलं म्हणून.”

“वर्णनाने फ्रॉकचा रंग येतो, केतकी. चेहरा येत नाही. वर्गात तूच शिकवतेस, रिकामी जागा दिसली की मेंदू आपल्याजवळचा माल भरतो. तुम्ही कुठला माल भरलाय?”

केतकीला उत्तर नको होतं. आईने त्या सकाळी हर्षदला ‘भाऊजी’ म्हणून हाक मारली होती.

फिरोज खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. “कंदील सोडू आपण आधी. परका माणूस नको असेल तर मी होतो कंदील. तुमचं घर मी ओळखतो. एका बैठकीत सांगतो आत काय आहे ते.”

“नको.”

“का?”

केतकीला ते सांगणं जड गेलं. “बाबांनी जन्मभर ती गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. त्यांनी पोरीला पेवाच्या तोंडाशी सोडलं आणि ते गेले, हे बाहेरच्या कुणाच्या डोळ्यांना दिसायला नको. तू कितीही जवळचा असलास तरी.”

“हरिपूरची ना तू?” फिरोज म्हणाला. तो रागावला होता आणि त्याने ते लपवलं नाही. “कंदील न सोडता उतरलेला मोहिते आजवर ऐकला नव्हता.”

“आईकडे वेळ नाही, फिरोज.”

संस्थाप्रमुख म्हणून केतकीने चाचणीतून सूट दिली, स्वतःलाच. ठसा मोहोरबंद झाला आणि मूळ ठसे रिवाजाप्रमाणे पुसले गेले.

*

रोपणाच्या खोलीत तीन खाटा होत्या. मधे आई, एका बाजूला केतकी, दुसरीकडे हर्षद. ओवी बाहेर फिरोजकाकाजवळ चित्रं काढत बसली होती. टोप डोक्यावर चढला, कानांत बारीक गुणगुण झाली आणि झोपेसारखं काहीतरी आलं.

जाग आली तेव्हा केतकीला विशेष काही वाटलं नाही. रोपण तसंच असतं. आठवण आत येऊन बसते, पण कुणी हाक मारेपर्यंत उठत नाही. तिने आईकडे पाहिलं. आई उशीला टेकून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं कित्येक महिन्यांचं धुकं गेलं होतं.

“आई, कसं वाटतंय?”

“समदं आठवतंय गं.” आईने तिचा हात घट्ट धरला. “लख्ख. फटकफटक चालत यायची. बकुळ. बकुळच नाव तिचं. आता न्हाई मी इसरणार.”

हर्षद उठून बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. केतकीही रडली. जन्मात एवढं मोठं काम आपण केलं नव्हतं, असं तिला मनापासून वाटलं. तेवढ्यात दार उघडलं. फिरोजचा हात सोडून ओवी आत पळत आली.

“आजी, झालं? हे बघ, मी तुला चित्र काढलंय!”

आईच्या हाताची पकड सुटली. ती ओवीकडे बघत राहिली. चित्राकडे नाही, चेहऱ्याकडे. मग तिने अगदी हलक्या आवाजात केतकीला विचारलं,

“हिला वर कुणी काढलं?”

आणि केतकीला आठवलं. पेवाचं काळं तोंड, निळा फ्रॉक, हाक ऐकून वळून पाहणारी पोर. एका गालाने हसणारी. तिची ओवी. त्यानंतरचा आवाज. त्यानंतर गोणपाटावर ठेवलेला, पापण्यांपर्यंत हळदीने माखलेला तोच चेहरा. हे खोटं आहे हे तिला ठाऊक होतं. आपण तिथे नव्हतो, तेव्हा जन्मलोही नव्हतो, आणि पोर तर समोर कागद नाचवत उभी आहे. पण ठाऊक असणं आणि आठवणं यांच्या झटापटीत कोण जिंकतं, हे तिनेच आपल्या प्रबंधात सिद्ध केलं होतं.

हर्षद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याने ओवीकडे परत पाहिलं नाही.

“चित्र आवडलं नाही का?” ओवीने विचारलं.

*

“काढून टाक,” केतकी म्हणाली. दार लावून दोघंच प्रयोगशाळेत बसले होते.

“नुसतं काढता येत नाही. तुला माहीत आहे. त्या जागी दुसरी आठवण बसवावी लागते.”

“मग बसव. खऱ्या बकुळची.”

“कुठून आणू?” फिरोजचा आवाज थकलेला होता. “ती फक्त आईंच्या डोक्यात होती. फिकी होती, पण होती. आपण तिच्यावर पक्की आठवण बसवली. मूळ ठसा पुसला. फोटो नाही. बाबा नाहीत. बकुळ कशी दिसायची हे सांगू शकणारं माणूस आता जगात नाही, केतकी. कालपर्यंत एक होतं.”

बहिणीला वाचवायला केतकी खाली उतरली होती. वर आली ती लेकीला तिथे ठेवून.

“मोहोरबंद ठसा नष्ट करू,” ती म्हणाली.

“त्याला वारसाची संमती लागते. वारस कोण?”

वारस ओवी होती. आणखी अकरा वर्षांनी ती आपला हक्क मागायला येणार होती. संमती द्यायची का नाही, हे ठरवण्याआधी आत काय आहे ते तिला सांगावं लागणार होतं. हा नियमही केतकीनेच केला होता.

पुढच्या दिवसांत तिने शहाणपणाने वागायचा खूप प्रयत्न केला. ओवी शाळेतून आली की ‘ही माझी मुलगी, ही जिवंत आहे’ असं ती स्वतःशी म्हणे. मग ओवी दारातून हाक मारी आणि वळून हसे, आणि केतकी तिला दंडाला धरून दारापासून आत ओढी. ओवीचा गुडघा फुटला तेव्हा तिने हळदीचा डबा काढला आणि झाकण न उघडताच परत ठेवून दिला. पोर नुसत्याच फुटक्या गुडघ्याने खेळायला गेली. हर्षद फोनवर बोलत असे, घरी येत नसे.

आईची तब्येत मात्र सुधारली. रोपणाचा गुण आला, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती स्वयंपाक करू लागली, नावं लक्षात ठेवू लागली. ओवीशी ती फार प्रेमाने वागे, पण तिला नावाने हाक मारत नसे. आपल्याला अधूनमधून दिसणाऱ्या कुणाशी बोलावं तशी ती तिच्याशी बोले. कधी कधी बोलता बोलता ओवीच्या गालाला बोट लावून ते बोट उजेडात धरून बघे.

अशाच एका रविवारी केतकी ओवीला न्यायला विश्रामबागेत गेली. दार ओवीनेच उघडलं. तिचं तोंड रडवेलं झालं होतं.

“आई, आजीने बघ काय केलंय.”

दिवाणखान्यात शोकेसवर ओवीचा फोटो असे. शाळेच्या स्नेहसंमेलनातला, एका गालाने हसणारा. तो आता भिंतीवर होता, बाबांच्या फोटोशेजारी. त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं होतं आणि त्याला पिवळ्या शेवंतीचा ताजा हार घातला होता. खाली निरांजन तेवत होतं. समोर पाटावर आई हात जोडून बसली होती. इतकी शांत ती केतकीने कधीच पाहिली नव्हती.

“ये,” आई म्हणाली. “बघ, गावला एकदाचा फोटो. शोकेसमदीच हुता, आन्‌ मी म्हणत हुते पुरात गेला. किती वर्सं झाली, पोरीला एक हार घालायचा ऱ्हायलावता.”

“तो माझा फोटो आहे!” ओवी म्हणाली. “आई, सांग ना तिला. काढ ना तो हार. मला नाही आवडत.”

“हो. काढते हं,” केतकी म्हणाली.

ती स्टूल ओढून भिंतीपाशी चढली. फोटोतली पोर तिच्याकडे बघून हसत होती, नुकतीच कुणीतरी हाक मारल्यासारखी. मागे ओवी रडत होती. ते रडणं केतकीला ऐकू येत होतं, पण फार खोलातून यावं तसं.

तिचा हात वर गेला तो हार काढायलाच. पण हार एका बाजूला कलला होता. तिने तो नीट केला, फोटोला हात लावून नमस्कार केला आणि पदराने डोळे पुसले.